परवाना बदलताना

“तुझ्या त्या रोख्यांचं व्याज अगदी वेळेवर येतं हं,” मार्था सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी नानकटाईची बशी पुण्याहून आलेल्या गद्रेबाईंच्या पुढे सरकवली.

मी कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

“कुठले रोखे, सिस्टर?”

“अगं, तुमच्या कंपनीचेच की. पावसाळ्यात घेतले ते. तू बेळगावला आईजवळ होतीस ना, तेव्हा अण्णा येऊन गेले होते. म्हणाले, त्रिशलानंच सांगितलंय, सिस्टरना हे घ्यायला सांगा. तू सांगितलंस म्हटल्यावर मी आणखी काय विचारणार?” त्या गद्रेबाईंकडे वळल्या. “हिचं म्हणजे असं आहे बघा, हिच्या शब्दाबाहेर मी पैसा ठेवत नाही.”

गद्रेबाईंनी नानकटाईचा छोटा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा संपवला. सिस्टरच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांच्या भाच्याच्या लग्नाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि उठले. त्या मिरजेच्या मिशन दवाखान्यात परिचारिका होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर जे हातात आलं, ते सगळं माझ्या सांगण्यावरून गुंतवलेलं. आणि ते रोखे घ्यायला मी कुणालाही सांगितलं नव्हतं. उलट, अशी वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात मारायची नाही, यावरूनच माझं आणि कंपनीचं बिनसलं होतं.

आमच्या धंद्यात सल्लागार एकटा उभा राहू शकत नाही. कुठल्या तरी कंपनीच्या परवान्याखाली त्याला काम करावं लागतं. माणसं आपली, सल्ला आपला, पण परवाना त्यांचा. मी बारा-तेरा वर्षं ज्या कंपनीच्या परवान्याखाली होते, ती चांगली होती. मग मुंबईच्या कुणीतरी ती विकत घेतली आणि एका वर्षात सगळं पालटलं. कंपनीचेच रोखे विका, ठरलेला आकडा गाठा, गाठला नाही तर तुमचा कोड, म्हणजे ज्या क्रमांकावर तुमची विक्री नोंदते तो, बंद आणि तुमची माणसं दुसऱ्याच्या ताब्यात. आई गेल्यावर मी बेळगावहून परत आले, तेव्हाच ठरवलं होतं, परवाना बदलायचा.

दोन ठिकाणं समोर होती. एक मुंबईची मोठी कंपनी. माणसं घेऊन आलात तर आधीच घसघशीत चेक देऊ म्हणत होती. दुसरी पुण्याची, लहान. तिथल्या तपासणी विभागाच्या प्रमुख गद्रेबाई. फोनवर त्यांनी पैशाचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, “घेण्याआधी मी तुमच्या दोन-तीन लोकांच्या घरी येईन. तुम्ही निवडू नका, मी निवडीन.” मला ते आवडलं. मी त्यांना निवडलं.

आणि त्यांनी निवडलेल्या पहिल्याच घरात हे निघालं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर गद्रेबाई गाडीपाशी थांबल्या. साठीकडे झुकलेल्या, सुती साडी, बोलणं मोजकं.

“तुम्हाला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“ते चेहऱ्यावरूनच कळलं. अण्णा कोण?”

“भूपाल खोत. सांगली शाखेचे प्रमुख. त्यांनीच मला या धंद्यात आणलं. मी आईजवळ होते तेव्हा माझी माणसं त्यांच्यावर सोपवून गेले होते.”

“म्हणजे विक्री त्यांनी केली आणि कोड तुमचा वापरला.”

मी मान हलवली.

“आणखी किती जणांना विकले असतील?”

“चला, विचारू,” मी म्हणाले.

त्या दुपारी आम्ही आणखी दोन घरी गेलो. एका घरी अण्णांनी असेच रोखे दिले होते. दुसऱ्या घरी दिले नव्हते, पण येऊन गेले होते. त्या घरातला मुलगा नको म्हणाला, म्हणून वाचले.

सांगलीकडे परतताना गद्रेबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्याच्या नावावर विक्री आहे त्यानं ती केलीच नाही, असं नियामकाकडे लेखी गेलं आणि सिद्ध झालं, तर विक्री रद्द होते. कंपनीला मुद्दल परत द्यावं लागतं. पण ज्यानं कोड वापरला, त्याचा परवाना जातो. कदाचित खटलाही होतो.”

“आणि मी तक्रार केली नाही तर?”

“तर ती विक्री तुमची. मी तुम्हाला घेऊ शकणार नाही. तक्रार केलीत म्हणजे घेईनच, असंही मी म्हणत नाही. उगाच आशा लावायला मला आवडत नाही.”

स्टँडजवळ त्यांनी मला सोडलं आणि पुण्याला निघून गेल्या.

मी सरळ ऑफिसात गेले. गणपती पेठेतल्या एका दुकानावरचा मजला, एवढंच आमचं ऑफिस. दुपार कलली होती. अण्णा एकटेच होते. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, टेबलावर झाकलेला पाण्याचा तांब्या. मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसायचे, तिथून उचलून या माणसानं मला सल्लागार केलं होतं. माझा घटस्फोट झाला तेव्हा समाजातल्या लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. अण्णांनी मात्र स्वतःची चांगली चांगली माणसं माझ्याकडे पाठवली आणि तिच्याशीच बोला म्हणून सांगितलं. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायची.

“मार्था सिस्टरना रोखे तुम्ही दिले?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दिले.”

“माझ्या कोडवर?”

“होय.”

“आणखी कुणाला?”

त्यांनी एकेक नाव सांगितलं. कुठेही न अडखळता. निवृत्त मास्तर, एक विधवा, हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी. सगळी माझी माणसं, सगळी उतारवयातली.

“का, अण्णा?”

“आकडा पुरा करायचा होता. तू नव्हतीस. तुझी माणसं ऐकणारी होती.”

“माझं नाव सांगून?”

“तुझं नाव सांगितल्याशिवाय त्यांनी घेतले नसते.”

ते अगदी कोरडेपणानं बोलले. मी चिडून येईन, ते गडबडतील, सावरासावर करतील, मग मला काय वाटेल, असा सगळा विचार मी गाडीत केला होता. असं उत्तर मात्र डोक्यात आलं नव्हतं.

“मला एवढंच सांगा की तुमचा नाइलाज होता,” मी म्हणाले. “दुसरं काही नको.”

“नाइलाज कसला? विकायचे होते, विकले.”

जिन्यावर पावलं वाजली. राजमतीअक्का डबा घेऊन आली; आम्हा जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची आणि भावाचा डबा रोज स्वतः पोचवायची. तिनं मला पाहिलं, मग भावाला पाहिलं, आणि डबा टेबलावर ठेवता ठेवता थांबली.

“भूपाल, सांगितलंस का तिला?”

“अक्का, तू घरी जा.”

“अरे, पण—”

“घरी जा म्हटलं ना.”

अण्णांनी अक्काशी त्या आवाजात बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अक्का पदर सावरून खाली उतरली. मला वाटलं, रोखे विकल्याचं सांगितलंस का, असं ती विचारत असावी. म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. त्यानं माझा राग आणखी भडकला.

“मी तक्रार करणार,” मी म्हणाले.

“कर. लवकर कर. आता मुंबईचे लोक पैसे परत देतील. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही.”

“म्हणजे हे रोखे बुडणार, हे तुम्हाला माहीत आहे?”

“विकले तेव्हा नव्हतं. आता फोन उचलत नाहीत, म्हणून कळतं.”

मी खुर्चीवर बसले. “तुमच्या माणसांचं काय? तुमच्या कोडवर ज्यांनी घेतले त्यांचं?”

“त्यांनी माझ्यासमोर, माझं ऐकून घेतले. सह्या त्यांच्या, कोड माझा. रद्द व्हायला त्यात काही नाही.”

“अक्कांचे पण त्यातच आहेत?”

“आहेत. माझेही आहेत.”

रागातही मला अक्काचा चेहरा आठवला. मी म्हणाले, “अक्कांचे माझ्या कोडवर दाखवले असते तर निघाले असते. अजूनही काही करता येईल का बघा. मी लिहीन, त्याही माझ्याच होत्या म्हणून.”

अण्णांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“नाही. एक खोटं झालं तेवढं बास. तुला जायचंच आहे ना पुण्याच्या लोकांकडे? मग हे लिहून टाक आणि जा. तुझं नाव स्वच्छ राहील.”

‘स्वच्छ’ हा शब्द त्यांनी अशा काही स्वरात उच्चारला की तो टोमणाच वाटला. मी उठले आणि खाली उतरले. त्यांचा डबा टेबलावर तसाच होता.

तक्रार मी त्याच आठवड्यात पाठवली. चौकशीचे अधिकारी आले तेव्हा अण्णांनी काहीही नाकारलं नाही. कोड वापरला, नाव सांगितलं, तिला माहीत नव्हतं, सगळं कबूल केलं. का केलं, असं अधिकाऱ्यांनीही विचारलं. “लोभ,” अण्णा म्हणाले. मी समोरच बसले होते. एका शब्दात त्यांनी ते संपवलं आणि पाणी मागितलं.

माझ्या सगळ्या लोकांचं मुद्दल परत आलं. मार्था सिस्टरना मी स्वतः बँकेत घेऊन गेले. झालं ते त्यांना नीटसं कळलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “अण्णा असे नव्हते गं.”

अण्णांचा परवाना रद्द झाला. ऑफिसचं शटर खाली आलं. उन्हाळ्यात कंपनीनं व्याज थांबवलं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मुंबईच्या ऑफिसला कुलूप लागलं. तोवर मी पुण्याच्या परवान्याखाली सांगलीतच विश्रामबागेत नवी जागा घेतली होती. गद्रेबाईंचा फोन आला, “या. काम सुरू करा.” एवढंच. मुंबईच्या ज्या दुसऱ्या कंपनीनं चेक देऊ केला होता, तिच्याकडे गेले नाही याचं समाधान होतं. बाकी समाधान वाटावं असं काही नव्हतं.

अण्णांच्या लोकांचे पैसे गेले ते गेलेच. अण्णा बस्तीत, आमच्या मंदिरात, दर्शनाला गेले असताना एका माणसानं दारातच त्यांच्या थोबाडीत मारली. अण्णांनी हात वर केला नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते, असं तो माणूस ओरडत होता. अण्णा मान खाली घालून ऐकत उभे राहिले. हे मला चौघांनी चार प्रकारे सांगितलं. पण सांगणारे माझ्याकडेही नीट बघत नव्हते. तिला आधीच कुणकुण लागली होती, स्वतःची माणसं तेवढी बाहेर काढली आणि निघून गेली, असं गावात बोललं जात होतं. एका लग्नात अण्णांच्या सुनेनं माझ्या शेजारची खुर्ची उचलून दुसरीकडे नेली.

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आल्याचं मला उशिरा कळलं. त्याच सुमाराला कुणीतरी सांगितलं की राजमतीअक्का विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला जाते. सत्तरीची बाई. नवऱ्यानं तिच्यासाठी मागे ठेवलेलं सगळं त्या रोख्यांत होतं. भाड्याचं घर सोडून ती भावाकडे राहायला आली होती, आणि आता भावाचं औषधपाणीही तिच्या पगारातून होत होतं. मुलगा-सून वेगळे झाले होते.

मी गेले. का गेले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. अण्णांना बघायला नव्हे. अक्काला काही मदत घेता का विचारायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. बस म्हणाली नाही. मी पायरीवर बसले.

“अक्का, मला काही करू द्या तुमच्यासाठी.”

“काय करणार?”

“महिन्याला काही देत जाईन.”

“तू नको देऊस.” तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. “तुझ्याकडून घेतलेलं त्याला कळलं तर तो अन्न सोडेल.”

“त्यांना माझा एवढा राग आहे?”

अक्कानं हात थांबवला. आत खोकल्याचा आवाज आला, तो थांबेपर्यंत ती गप्प राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “राग मला आहे. त्याचाही आहे आणि तुझाही. त्याला कसला राग? तुझ्यापायीच तर हे केलं त्यानं.”

मला समजलं नाही. तसं मी म्हणाले.

“तू आईपाशी होतीस. मुंबईहून फोन आला, मी इथंच होते. त्रिशलाचा आकडा शून्य आहे, महिनाअखेर तिचा कोड बंद करतो. हा विनवण्या करत होता. तिची आई मरायला टेकलीय, थोडं थांबा म्हणून. ते ऐकेनात. तुझा कोड गेला तर तुझी माणसं ते वाटून घेणार, मग पोरीला घेऊन तू करणार काय? दोन दिवस जेवला नाही. मग उठला आणि तुझ्या लोकांकडे गेला. रोखे चांगले आहेत असंच वाटत होतं त्याला, नाहीतर माझे त्यात घातले असते का?”

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. अक्कानं मान वळवून ती जाऊ दिली.

“मग मला सांगितलं का नाही?” मी विचारलं. “मी त्यांच्यासमोर उभी होते. मी विचारलं होतं, अक्का.”

“मी सांगणार होते. त्या दिवशी डबा घेऊन आले तेव्हा. मला हाकललं त्यानं. घरी आल्यावर मी भांडले. तेव्हा म्हणाला, तिच्यासाठी केलं असं तिला कळलं, तर ती तक्रार करणार नाही. आणि ती तक्रार करणार नाही, तर तिची माणसं बुडतील.”

मी पायरीची कड धरून बसले होते. ती सोडता येईना.

“केली असतीस का तक्रार?” अक्कानं विचारलं. “कळलं असतं तर?”

उत्तरासाठी ती थांबली नाही. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

“मला त्यांना भेटू द्या,” मी शेवटी म्हणाले.

“भेट. पण तुला कळलंय हे त्याला कळता कामा नये. तेवढं एकच राहिलंय त्याच्यापाशी.”

आत अंधारं होतं. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात कुणीतरी आणून ठेवावा तसा मांडीवर पडला होता. तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली होती. मी दारात उभी राहिल्यावर त्यांनी बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

“त्रिशला?”

“होय, अण्णा.”

“बस.”

मी स्टुलावर बसले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

“नवीन ठिकाण कसं आहे?”

“चांगलं आहे.”

“आकड्यासाठी... मागे लागत नाहीत ना?”

“नाही. आकडा विचारतच नाहीत.”

“विचारतच नाहीत,” ते हळूच म्हणाले. ते शब्द त्यांनी थोडा वेळ तोंडात घोळवले. मग विचारलं, “सिस्टर?”

“बऱ्या आहेत. गुडघे दुखतात.”

त्यांनी मान हलवली. अक्का दाराशी येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

“माझ्यावर राग आहे अजून?” अण्णांनी विचारलं.

मी खाली बघितलं. फरशीवर औषधाचा डाग होता.

“आहे,” मी म्हणाले.

चेहऱ्याची जी बाजू हलत होती, ती सैल झाली. इतका निवांत चेहरा मी त्यांचा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

“असू दे,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “जेवून जा. अक्का, वाढ तिला. दिवस मावळेल आता.”

अक्कानं तिथंच खाली ताट मांडलं. भात, वरण, दोडक्याची भाजी. ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, पण दोनदा वाढायला आली. अण्णा खाटेवरून बघत होते. मी मान वर न करता सगळं जेवले.